ड्यून भाग तीन: यंदाचा बडग्या कोणाचा काढायचा?

संत्रा_मेलांज (धरमपेठ)

पुढे पुस्तकातलं सगळं फुटणार आहे. १८ डिसेंबर २०२६ ला सिनेमा येईपर्यंत कोरं राहायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

दुसऱ्या भागाच्या शेवटी खलनायकांचा हिशेब मांडला तर शिल्लक शून्य येते. बॅरन नायकाच्या, म्हणजे पॉलच्या हातून गेला, फेड-राउथा सुऱ्याच्या द्वंद्वात पडला, राबानला पॉलच्या गर्नीने उडवलं आणि बादशहाने गुडघे टेकून अंगठीचं चुंबन घेतलं. उरली ती मोठी घराणी, पण त्यांचा एकही चेहरा प्रेक्षकांच्या ओळखीचा नाही.

तिसरा भाग 'ड्यून मसाया' या दुसऱ्या कादंबरीवर आहे आणि रॉबर्ट पॅटिन्सन सायटेल करतोय. म्हणून सगळीकडे एकच चाललंय, सायटेल म्हणजे व्हिलन, विषय संपला. पण पुस्तकात हा माणूस पॉलविरुद्धच्या कटाच्या पहिल्या बैठकीत बोलतो आणि मग कितीतरी पानं दिसतच नाही. ना सैन्य, ना किल्ला, ना पॉलशी जुनं वैर.

तर जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

कट नेमका चालवतं कोण?

दुसऱ्या भागात पॉलची प्रेयसी चानी त्याला सोडून किड्यावर बसून निघून गेली. पुस्तकातला कट तर तिच्याभोवतीच फिरतो. मग तो सिनेमात बसणार कसा?

आणि मार्गो फेनरिंगच्या पोटातल्या फेडच्या बाळाचं काय?

आपल्याकडे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीमागून बडगे, म्हणजे वाईटाचे पुतळे, निघतात. या सिनेमाचा बडग्या बांधायचा तर त्याला तोंड कोणाचं लावायचं, एवढं सांगा.

महालचा_मेंटॅट

सायटेल हे उत्तर चूक नाही, अर्धं आहे. या कटाकडे यंत्र म्हणून पाहा. चार भाग चार कारखान्यांतून आलेत आणि प्रत्येक कारखान्याचा स्वार्थ वेगळा आहे. कोणता भाग काय काम करतो ते कळलं की कोण मोठा हा वाद अर्धा मिटतो.

बैठक होते वॉलॅक ९ वर, म्हणजे बेने जेसेरिट या बायकांच्या पंथाच्या अंगणात. हजर चौघं: सायटेल, अवकाशातली वाहतूक चालवणाऱ्या गिल्डचा एड्रिक, बेने जेसेरिटची रेव्हरंड मदर मोहायम आणि बादशहाची मुलगी, पॉलची नावापुरती बायको इरुलान.

एड्रिकपासून सुरू करू, कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तो नॅव्हिगेटर, जहाजांची वाट शोधणारा. नारिंगी वायूने भरलेल्या पारदर्शक टाकीत तरंगतो, शरीर लांबुळकं, हात पडदेदार पंख्यासारखे, पाय माशाच्या परासारखे. पाहून वाटतं हाच सूत्रधार. प्रत्यक्षात त्याचं काम छत्रीचं. पॉलला भविष्य दिसतं, म्हणजे त्याच्याविरुद्ध बैठक भरवली तर ती त्याला भरायच्या आधीच दिसेल. पण ज्याला स्वतःला भविष्य दिसतं तो दुसऱ्या द्रष्ट्याच्या नजरेला नीट सापडत नाही, आणि त्याच्या आसपासचेही झाकले जातात. म्हणून एड्रिक बैठकीत हवा. म्हणूनच तो पुढे गिल्डचा राजदूत बनून पॉलच्या राजधानीत, अराकीनमध्ये मुक्कामाला येतो. पाऊस जिथे, छत्री तिथेच न्यावी लागते.

मोहायमला हवी आहे वंशावळ. पिढ्यान् पिढ्या जुळवत आणलेली रक्तरेषा पॉलमध्ये येऊन पोचली आणि हातातून निसटली. त्यामुळे पॉल मेला तरी चालेल, पण त्याचं बीज वाया जाता कामा नये. हे नीट लक्षात ठेवा, कारण कटाची पहिली चीर इथेच आहे. गिल्डला पॉल नकोच आहे आणि बेने जेसेरिटला तो निम्मा हवा आहे.

इरुलान म्हणजे घरभेदी. चानीच्या खाण्यातून गर्भनिरोधक देण्याचं काम तिचं. वर्षानुवर्षं चाललेलं.

आता सायटेल. हा ट्लेलॅक्सू, म्हणजे माणसं घडवणाऱ्या कारागीर लोकांपैकी. त्यातही फेस डान्सर, चेहराच काय, बांधा आणि लिंगसुद्धा बदलणारा. कटात तो हत्यार पुरवतो. हत्यार म्हणजे पॉलचा जुना सोबती डंकन आयडाहो. पहिल्या भागात दाराआड पॉलला सुखरूप ठेवून बादशहाच्या सारदौकार सैनिकांशी एकटा लढत मेला तोच. त्याच्या मृत देहातून ट्लेलॅक्सूंनी घोला, म्हणजे त्याचा नवा देह, वाढवला, नाव दिलं हेट. त्याला मेंटॅटचं, म्हणजे मानवी संगणकाचं शिक्षण दिलं, झेनसुन्नी तत्त्वज्ञान शिकवलं आणि डोळ्यांच्या जागी धातूचे डोळे बसवले. जुन्या आठवणी नाहीत. मग त्याच्या आत एक आज्ञा पुरून ठेवली, जी त्याची त्यालाही ठाऊक नाही.

ती आज्ञा जागी करायला वेगळा माणूस ठेवलाय, बुटका बिजाझ. तो विशिष्ट सुरात गुणगुणतो आणि हेटच्या मनाचं दार उघडतं. अट अशी बसवली आहे की चानी गेल्याचं पॉलच्या तोंडून निघालं की हेटने त्याला मारायचं.

इथपर्यंत हा साधा मारेकरी पाठवण्याचा प्रकार वाटतो. खरी करामत पुढे आहे. हेटने मारलं तर काम फत्ते. नाही मारलं, तर मारण्याची आज्ञा आणि पॉलवरची जुनी माया यांच्या धक्क्याने डंकनच्या आठवणी परत येतात. म्हणजे घोलाला मूळ माणूस परत मिळतो हे सिद्ध झालं! आता सायटेल बाहेर येतो आणि म्हणतो, तुझी चानी अशीच परत देतो, बोल किंमत. पहिला सापळा तुटला की त्याच्याच तुकड्यांतून दुसरा उभा राहतो. बॅरनच्या डोक्यात असलं काही आलं नसतं.

मोडतं कुठे? अगदी शेवटच्या पायरीवर. पॉलचे डोळे आधीच गेलेत, आतलं दिसणंही आता संपलंय, सायटेल बाळांवर सुरा धरून उभा आहे. पॉलला भविष्यात एकच मूल दिसलं होतं, मुलगी. जन्मली जुळी. हिशेबात नसलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांतून पॉलला खोली दिसते आणि तो आपला सुरा, क्रिसनाइफ, फेकतो. सायटेल तिथेच आडवा.

फुटाळा_फ्रेमेन

दादा, छत्री झकास समजावली. पण मले एक गोष्ट पटून नाही राहिली.

गिल्डच्या हातात सगळी ये-जा आहे. एका ग्रहावरून दुसऱ्यावर कोणाले जायचं असलं तर यांच्याच जहाजात बसा. ज्याच्या हातात एसटी स्टँड त्याच्या हातात गाव, सोपा हिशेब. मग एड्रिक नुसती छत्री कसा? मले तर वाटते, सिनेमात नॅव्हिगेटरच मोठा व्हिलन काढतील. पाहाले पण भारी. पहिल्या भागात गिल्डवाले नारिंगी धूर भरलेली शिरस्त्राणं घालून आलते, तेवढंच. पूर्ण नॅव्हिगेटर दिग्दर्शकानं अजून दाखवलाच नाही. राखून ठेवला, काऊन?

आन् दुसरं. फेडचं मूल. मार्गो बाईनं फेडले जाळ्यात ओढलं, पोटात पोर आहे हे आपल्याले तोंडानं सांगितलं. इतका टाइम खर्च करून कोणी फुकट दाखवते का राजेहो? ते पोर मोठं करून पॉलसमोर उभं करतील, पाह्यजा.

रेशीमबाग_रेव्हरंड

फ्रेमेनभाऊ, दोन्ही तर्क चांगले आहेत आणि दोन्ही पडतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

गिल्डच्या हातात स्टँड आहे हे खरं, पण डिझेल पॉलच्या हातात आहे. नॅव्हिगेटरला वाट दिसते ती स्पाइस या वाळवंटातल्या मसाल्यामुळे. स्पाइस बंद झाला तर तो आंधळा आणि जहाज जागेवर. दुसऱ्या भागात पॉलने अण्वस्त्रं रोखून स्पाइसची शेतंच उडवायची धमकी दिली, आठवा. ज्याच्यावर अशी टांगती तलवार आहे तो उघड लढूच शकत नाही, म्हणून तर गिल्ड कटात आडून आहे. पुस्तकात त्यांची दुसरी धडपडही दिसते: स्पाइसच्या ग्रहावरून, अराकिसवरून, किडा चोरून दुसऱ्या ग्रहावर नेऊन तिथे स्पाइस तयार करायचा. ही मालकी मोडण्याची खटपट आहे, मालकी असणाऱ्याने ती केली नसती. एड्रिक दिसायला सगळ्यात देखणा (की भयानक, काय म्हणायचं ते म्हणा) ठरेल. पोस्टरवर शोभेल. पण गोष्ट त्याच्या हातून हलत नाही.

फेडचं मूल मूळच्या पहिल्या कादंबरीतही आहे. 'मसाया'त मात्र त्याचा काडीचाही उपयोग केलेला नाही. शिवाय मार्गोचा नवरा काउंट फेनरिंग दुसऱ्या भागात घेतलाच नाही, म्हणजे त्या घराची अर्धी बाजू आधीच कापली गेली आहे. दाखवलं ते बेने जेसेरिटचा कारभार कसा चालतो हे कळावं म्हणून, एक घोडा फसला तर दुसरा तबेल्यात तयार. वय बघा, एवढ्याशा मुलीला तलवार देऊन पॉलसमोर उभं करणं म्हणजे बालनाट्य होईल.

आता मूळ अडचण. या पुस्तकाला तोंड नाही, ही तक्रार पडद्यावर आणणाऱ्यांना पूर्वीही आलेली आहे. २००३ मध्ये अमेरिकन टीव्हीवर तीन भागांची मालिका आली होती, तिचा पहिला भाग म्हणजे 'मसाया'. त्यांनी काय केलं? इरुलानला कटातून बाहेर काढलं आणि तिची बहीण वेन्सिशिया कटात बसवली. ही बाई पुस्तकांत आहे, पण 'मसाया'च्या कटात नाही, ती पुढच्या कादंबरीतली. सुझन सॅरंडनसारखी नटी घेऊन सरळ राजवाड्यात बसलेली खलनायिका उभी केली. प्रेक्षकाला धरायला मुठ मिळाली. पण किंमत अशी की इरुलान निर्दोष झाली आणि चानीचं मरण नुसता अपघात वाटायला लागलं. घरातलीच व्यक्ती ताटात कालवते आहे, यातला काटा निघून गेला.

त्यामुळे माझं मत इरुलानच्या पारड्यात. सायटेल हत्यार आणतो, पण हत्यार चालायला चानीचा मृत्यू लागतो, आणि त्या मृत्यूची पेरणी इरुलान करते. क्रम असा आहे. गर्भनिरोधक कित्येक वर्षं पोटात जातं. मग चानीला संशय येतो आणि ती आपल्या वाळवंटी लोकांचा, फ्रेमेनांचा, जुना आहार सुरू करते, स्पाइसने भरलेला. गर्भ राहतो, पण शरीर आधीच पोखरलेलं, त्यात स्पाइसमुळे गर्भ भराभर वाढतो. ते बाळंतपण तिला झेपत नाही. विष कोणी दिलं असं विचाराल तर विष कोणीच दिलं नाही, असं हे मरण.

आणि गंमत बघा, इरुलान वाईट बाई नाही. पॉलने लग्न केलं ते तख्तासाठी, हात कधी लावला नाही, मूल देणार नाही हे तोंडावर सांगितलं. शेवटी एड्रिक आणि मोहायमला पॉलच्या बहिणीच्या, आलियाच्या हुकमाने ठार करतात, इरुलान वाचते आणि पॉलच्या पोरांना शिकवायला राहते. फ्लॉरेन्स प्यू ही भूमिका करतेय. एवढी नटी नुसती रोजनिशी लिहायला बोलावलेली नसणार.

संत्रा_मेलांज

ताई, मग माझा दुसरा प्रश्न जास्तच अडतो. इरुलानने कालवायला चानी घरात तर हवी ना? सिनेमात ती वाळवंटात आहे.

रेशीमबाग_रेव्हरंड

हो, खरी गाठ तिथेच आहे. पुस्तकातल्या युक्तीला तीन गोष्टी लागतात: चानी आणि पॉल एका छताखाली, इरुलानचा हात मुदपाकखान्यापर्यंत, आणि भरपूर वर्षं. सिनेमाने पहिलीच काढून घेतली.

मला दोन वाटा दिसतात. एक, दोन भागांच्या मधल्या काळात चानी परतलेली असेल आणि सिनेमा सुरू होतो तेव्हा ती वाड्यातच असेल. मग पुस्तक जवळजवळ जसंच्या तसं चालतं, पण दुसऱ्या भागाचा तो शेवट फुकट जातो. लोक विचारणार, एवढी चिडून गेली आणि परत आली कशी?

दुसरी वाट म्हणजे ती सिनेमात मध्यावर परत येते. मग औषध द्यायला वेळच नाही आणि इरुलानला वेगळं काम द्यावं लागेल. उदाहरणार्थ चानी कुठे आहे ही बातमी कटवाल्यांना पोचवणं. त्यात इरुलान लहान होते आणि सायटेल मोठा, म्हणजे पॅटिन्सनला एवढं वजन का, त्याचाही उलगडा होतो. मी पहिल्या वाटेच्या बाजूने आहे, पण ठाम नाही.

चौकट_चौकट (प्रतापनगर)

तुमचं चालू द्या. ट्रेलर बघून अंदाज बांधणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक, कारण दर वेळी तेच घोळ होतात.

लॅपटॉपवर यूट्यूब उघडा, मोबाइलवर हे जमत नाही. व्हिडिओ थांबवा. पूर्णविरामाची कळ दाबली की एक चौकट पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. क्वालिटी आपोआप वर ठेवू नका, हाताने सगळ्यात वरची निवडा, नाहीतर अंधाऱ्या चौकटी चिखल होतात आणि त्या चिखलात लोकांना नॅव्हिगेटर दिसायला लागतो. कोणी तरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट अजिबात धरू नका, तो दोनदा दाबून सपाट झालेला असतो.

मग चेहऱ्याकडे नंतर, आधी डोळ्यांकडे बघा. या गोष्टीत डोळे म्हणजे आधार कार्ड. निळ्यात निळे असतील तर स्पाइस खाणारा. धातूसारखे चकाकत असतील तर हेट, म्हणजे डंकन करणारा मोमोआ परत आला तो डंकन म्हणून आला की घोला म्हणून, ते एका चौकटीत कळेल. पॉलचे डोळे नीट आहेत की पट्टी आहे की खोबणी रिकामी, त्यावरून तो शॉट स्टोन बर्नरच्या आधीचा की नंतरचा हे ठरतं. अशा शॉटांचे दोन ढीग करा आणि मगच क्रम लावा. ट्रेलरमधला क्रम कधीच धरू नका, तो कापणाऱ्याच्या सोयीचा असतो.

आवाजाचं तर त्याहून वाईट. बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसतील तर ते वाक्य त्या शॉटचं आहे असं धरूच नका. सायटेल चानीला धमकी देतोय, पॉल आलियाला मारायला निघालाय, असले शोध वाक्य एकीकडचं आणि चित्र दुसरीकडचं चिकटवल्यामुळे लागतात.

फेस डान्सर शोधायचा तर एक युक्ती. एकच पात्र दोन वेगळ्या कपड्यांत आणि दोन वेगळ्या चालीत दिसतंय का बघा. नट बदलत नाही, चाल बदलते. पुस्तकात सायटेल ओथेम या जुन्या फ्रेमेन लढवय्याच्या मुलीचं, लिक्नाचं रूप घेऊन पॉलकडे येतो. म्हणून एखादी अनोळखी फ्रेमेन मुलगी दरबारात एकटी उभी दिसली तर तिथे थांबा.

जुळ्यांच्या भूमिकांसाठी किशोरवयीन मुलं घेतल्याच्या बातम्या आहेत. 'मसाया'त ती शेवटी जन्मतात. म्हणजे एकतर पॉलचं भविष्यदर्शन, नाहीतर शेवटी काळाची उडी. या दोन पोरांना व्हिलन ठरवून चाललेले धागे मी वाचलेत. कृपा करा.

फुटाळा_फ्रेमेन

फेडचं पोर मागे घेतो, ताईंनी बालनाट्य म्हटल्यावर काय बोलता. एड्रिक मागे घेत नाही. बरं, हा स्टोन बर्नर काय भानगड आहे? आन् पॉलले पुढचं दिसते तर तो तिथं मराले गेलाच काऊन?

अंबाझरी_आलिया

फ्रेमेन, तुझ्या या प्रश्नातच उत्तर आहे. इतका वेळ सगळे चुकीच्या घरावर पाटी लावताहेत.

आधी स्टोन बर्नर. अणुइंधनावर चालणारं हत्यार, त्यातून निघणारे किरण डोळ्यांची पेशी खाऊन टाकतात. इंधन जास्त घातलं तर जमीन पोखरत ग्रहाच्या गाभ्यापर्यंत जाईल, इतकं वाईट. सायटेल खऱ्या लिक्नाला मारतो. तिचं प्रेत वाळवंटात सापडतं आणि आलिया व हेट त्याची तपासणी करतात, तो प्रसंग चुकवू नका. मग तिच्या रूपात तो पॉलकडे निरोप घेऊन येतो की वडील घरी बोलावताहेत. पॉलला समोर कोण आहे ते ठाऊक आहे. तरी तो जातो. ओथेम त्याला बिजाझ देतो, कारण फितुरांची नावं त्या बुटक्याच्या डोक्यात साठवलेली आहेत. म्हणजे ज्याच्याकडून कटाची माहिती मिळते तोच कटाचा खटका. पॉल बाहेर पडतो, घर उडतं, डोळे जातात. सोबतच्या ज्यांचे गेले त्यांना तो ट्लेलॅक्सू डोळे देववतो, स्वतः घेत नाही. आधी पाहून ठेवलेलं भविष्य आणि चालू क्षण एकावर एक बसवून तो डोळस माणसासारखा वावरतो, दारं चुकत नाही, माणसं ओळखतो. लोकांच्या अंगावर काटा येतो.

हे हत्यार फिरवलं कोणी? परक्याने नाही. कोर्बा, पॉलचाच फ्रेमेन, आता त्याच्या धर्माचा बडा पुजारी. फरोकसारखे जुने लढवय्येही कटवाल्यांना मिळालेले. त्यांची तक्रार खोटीही नाही: पाण्यासाठी तरसणारे स्वाभिमानी लोक होतो, आता यात्रेकरूंचे पंडे झालो.

पॉल जातो, कारण इतर वाटा याहून वाईट दिसतात त्याला. हेट नजराणा म्हणून येतो तेव्हा पॉल विचारतो, तुला कशासाठी पाठवलंय? हेट सरळ सांगतो, तुमच्या नाशासाठी. तरी ठेवून घेतो. जो व्हिलन दारात उभा राहून स्वतःचं काम सांगतो आणि नायक त्याला आत घेतो, तिथे व्हिलन कोण?

पॉल स्वतःच स्टिलगार या फ्रेमेन सरदाराला आपल्या युद्धाचा हिशेब देतो: ६१ अब्ज माणसं मारली, ९० ग्रह उजाड केले, ५०० पार खचवले, ४० धर्मांचे अनुयायी पुसून टाकले. चंगेजखानाशी तुलना तो स्वतः करतो. ६१ अब्ज! बॅरनच्या पापांचा घडा यापुढे वाटीएवढा. ज्या संपादकाने पहिली कादंबरी मासिकात क्रमशः छापली त्या जॉन कॅम्बेलने दुसरी नाकारली, त्याला हवा होता तसा नायक उरला नव्हता म्हणून. ती मग १९६९ मध्ये गॅलेक्सी मासिकात आली. लेखकाला मोहक नेत्यांपासून सावध करायचं होतं, आणि पहिल्या पुस्तकानंतर वाचक त्याच नेत्याच्या पाठीमागे टाळ्या पिटत निघाले होते.

बडग्याला तोंड पॉलचंच लावा.

महालचा_मेंटॅट

आलिया, पुस्तकापुरतं शंभर टक्के. सिनेमापुरतं मी पन्नासच देईन.

कारण व्यवहाराचं आहे. ६१ अब्ज हा आकडा कादंबरीत संवादात येतो, युद्ध होऊन गेलेलं असतं. वाचक आकडा वाचून थांबू शकतो. प्रेक्षकाला आकडा दिसत नाही, माणूस दिसतो, आणि पॉल करणाऱ्या शालमेचा चेहरा समोर रडवेला असेल तर लोक त्यालाच बिचारा म्हणणार. ते टाळायचं तर त्या युद्धाचा, जिहादचा, एक तरी प्रसंग जवळून दाखवावा लागेल. एक शहर, एक घर, आणि दारात उभा फ्रेमेन. तो प्रसंग पहिल्या वीस मिनिटांत आला तर तुझं म्हणणं चालेल. नाही आला तर सिनेमा आपोआप सायटेलकडे झुकेल, कारण लोकांना राग ठेवायला जागा लागते.

म्हणून सायटेल कसा रंगवतात यावर माझी नजर आहे. त्याला क्रूर केला की तो बॅरनची नक्कल होईल. ट्लेलॅक्सूंचा एक नियम आहे, सावजाला सुटकेची वाट ठेवायचीच. सायटेल तो कलाकाराच्या अभिमानाने पाळतो. आणि त्यांनी स्वतःचा क्विसात्झ हादेराख, म्हणजे पॉलसारखा महाद्रष्टा, बनवून पाहिला होता. त्याने आत्मघात केला. म्हणजे पॉलसारखा माणूस कुठे मोडतो हे या लोकांनी प्रयोग करून शोधलेलं आहे. शत्रू असण्यापेक्षा कारागीर असणं जास्त भयानक. हे जमलं तर पॅटिन्सनला आरडाओरडा करायची गरजच नाही.

एड्रिकबद्दल फ्रेमेनला एक सवलत: टाकीचा देखावा भाव खाऊन जाईल. तेवढंच.

चौकट_चौकट

ज्यांना पूर्ण पुस्तक झेपणार नाही त्यांच्यासाठी. 'मसाया' पहिल्या कादंबरीच्या निम्म्याहूनही लहान आहे, आठवडाभरात होतं. सुरुवातीची ब्रॉन्सोची तुरुंगातली मुलाखत जड वाटली तर सोडून द्या, नंतर परत या. वॉलॅकची बैठक मात्र दोनदा वाचा. एकदा कोण काय बोलतं यासाठी, दुसऱ्यांदा कोण काय बोलत नाही यासाठी. मग हेटचा नजराणा, ओथेमचं घर आणि सिएच ताबर या फ्रेमेन वस्तीतलं बाळंतपण. मधली दरबारी भाषणं थकवतात हे खरं, पण तिथेच कोर्बा हळूहळू सुटत जातो, तेव्हा सगळीच गाळू नका.

संत्रा_मेलांज

सगळ्यांना धन्यवाद. माझं मत बदललं. सायटेलवर आलो होतो, आता इरुलान आणि पॉल यांच्यात अडकलोय.

पैज लावून टाकू. पहिल्या दिवसाचा शो बघून इथे येऊन लिहायचं. अटी अशा. इरुलानचा हात चानीच्या खाण्यापिण्याला लागताना पडद्यावर दिसला, तर रेव्हरंड ताई जिंकल्या. नुसतं संवादात कळलं तर अर्धे गुण. पहिल्या वीस मिनिटांत युद्धातलं एखादं घर जवळून दाखवलं तर आलिया. नॅव्हिगेटर टाकीबाहेर येऊन कोणाला मारताना दिसला तर फ्रेमेन. सायटेलने शेवटी चानी परत देण्याचा सौदा मांडला आणि थिएटरात शांतता पसरली तर मेंटॅट.

हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला तर्री पोहे.

फुटाळा_फ्रेमेन

शांतता मोजणार कोण बे? बाजूचा नाचोज खाऊन राहिला तर?

महालचा_मेंटॅट

नाचोजवाला थांबला तर धरायची.

रेशीमबाग_रेव्हरंड

मान्य. तर्री वेगळ्या वाटीत. आणि माझ्या अटीत एक दुरुस्ती: खाण्यापिण्यात स्पाइस कॉफीही मोजायची. पेल्यात काही मिसळायचं तर इरुलान तिथेच मिसळेल, दालचिनीच्या वासात सगळं खपतं.